पावती

मोबाइलमध्ये आप्पा हसत होते.
डोक्याला निरोप समारंभाचा फेटा,
खाली नाव: रामेश्वरजी, वय बहात्तर, इंदूर.
‘पंधरा दिवस हे तेल चोळलं,
आता नातवाच्या आधी जिना चढतो.’

आप्पांना नातू नाही.
इंदूर त्यांनी पाकिटांवरच पाहिलं,
एकतीस वर्षं, सायकलवर,
अमळनेरहून बोरीकाठच्या सात गावांना टपाल वाटताना.
गुडघे तिकडेच राहिले कुठेतरी,
एखाद्या चढावर,
मनिऑर्डर देऊन परतताना.

पहिला फोन पारोळ्याच्या मावसभावाचा:
बाटली कितीला पडली?
मग दूधवाला. मग शाळेतले दोन गुरुजी.
आप्पा ओट्यावर पाय लांब करून बसलेले,
येईल त्याला सांगत,
‘मना गुडघा तं आजूनबी दुखतस.’
लोक डोळा मारत. कंपनीनं गप्प राहायला सांगितलं असेल.

निकुंभ वकीलबाईंनी चष्मा कपाळावर सारला.
स्क्रीनशॉट काढ, म्हणाल्या,
नुसता चेहरा नको,
वरची पट्टी, लिंक, तारीख, वेळ, सगळं.
ज्या मोबाइलवर काढशील तो विकू नकोस,
पुढे त्याचंच प्रमाणपत्र जोडावं लागतं.
आणि कंपनीला शिव्या द्यायला फोन करू नकोस आत्ताच,
जाहिरात पळेल, सोबत पुरावाही.
सायबर पोलिसांना अर्ज लिहू,
जिवंत माणसाला दुसरं नाव दिलं म्हणून.
मग पेनाचं टोपण चावत त्यांनी विचारलं,
फोटो काढला कोणी?

स्टुडिओवाल्या भिकनदादांनी.
‘मग फोटो त्यांचा.’
चेहरा आप्पांचा आहे ना?
‘चेहरा त्यांचाच गं. फोटो काढणाऱ्याचा.
कायद्याच्या घरात या दोन वेगळ्या खोल्या.
पण पैसे मोजून काढून घेतला असेल
तर ज्यानं मोजले, त्याचा.
पावती आहे?’

खुंटीला तार. तारेत टोचलेली
लाईटची बिलं, खताच्या चिठ्ठ्या,
गिरणीवाल्याचा हिशेब,
आणि सगळ्यांच्या मागे, भोक मोठं झालेली,
पिवळी:
पोस्टकार्ड साइज एक, पासपोर्ट आठ,
रोख एकशे ऐंशी,
नाव – सौ. कौतिकबाई शालिग्राम बोरसे.

आई पाटावर शेवग्याच्या शेंगा सोलत होती.
‘पैसा मी दिधात. पापडना व्हतात.
यास्ले म्हतलं, सायबलोक ऱ्हातीस, फोटू तं काढा.’
तिने हात पदराला पुसले,
मोबाइल जवळ घेतला, लांब धरला.
मग आमच्याकडे न बघता म्हणाली,
‘हाऊ फोटू मना शे.’

घर आप्पांच्या नावावर, गॅस माझ्या,
विहीर काकांशी भांडणात.
तिच्या नावावरची ही पहिली मिळकत,
पोस्टकार्ड साइजची.
‘हक्कधारकाचे नाव’ या रकान्यात
तिने कौतिक लिहिलं,
क ची शेपटी रेघेच्या बाहेर गेली.
आप्पा म्हणाले, मग मी कोण?
वकीलबाई हसल्या, ‘तुम्ही दुसरा दावा.
तुमचं नाव, तुमची अब्रू, तुमचं न दुखणारं गुडघं.’

छत्तीस तासांची मुदत होती,
पस्तिसाव्या तासाला रामेश्वरजी दिसेनासे झाले.
आईने तीनदा बघितलं, मग चुलीकडे गेली.
पण हे एकवीसच दिवसांचं, बाईंनी बजावलं,
तेवढ्यात कोर्टाचा हुकूम नाही आणला
तर पुन्हा लावू शकतात.

मधल्या दिवसांत भिकनदादा येऊन गेले,
मी फक्त स्टुडिओच्या पानावर टाकला होता, म्हणाले,
चहा न पिता उठले.
आणि एका रात्री, दिवा मालवल्यावर, आप्पा हळूच,
‘ते तेल खरंच काही करत असेल का गं?’

सतराव्या दिवशी आम्ही कोर्टात.
दाव्यांची खिडकी वरच्या मजल्यावर.
आप्पा कठड्याला धरून
एका पायरीवर दोन्ही पाय टेकवत,
मग पुढची.
आई पाच पायऱ्या पुढे,
पिशवीत पावती, प्लॅस्टिकमध्ये घातलेली,
मागे वळून थांबलेली.