एक्केचाळीस नंबर

भादव्यात अख्खा डोंगर चाळण होतो.
साळवणच्या वर, आमच्या रोपवाटिकेमागं,
सागाच्या पानांत शिरा तेवढ्या उरतात,
कुणी गाव खाऊन रस्ते ठेवावेत तसं.
रात्री बॅटरी बंद करून उभं राहिलं
की ऐकू येतं : बारीक, सगळीकडून,
आभाळ कोरडं असताना काहीतरी पडतंय.
ती अळ्यांची लेंडी. वाळक्या पाचोळ्यावर.

त्यात एकच झाड हिरवं.
बुंध्याला दोन बाक, एक कमरेत, एक खांद्यात.
आम्ही चुन्यानं त्यावर ४१ घातला.
टिंबर मार्केटातले रतनशीशेठ बघून हसले :
"ह्याची चौकट केलीसा
तर दार जन्मात लागायचं न्हाई."

माझं काम अळ्या पाळायचं.
जाऊबाई दर दिवाळीला विचारतात,
मारायचं असेल ना गं?
नाही. वाढवायचं.
डब्या, ओला टिपकागद, सकाळी ताजं पान,
संध्याकाळी वजन,
गुजरीतल्या सोनारापेक्षा हलक्या हातानं.
आजारी अळीनं पान सोडलं तर त्याला पुरावा म्हणत नाहीत.
भूक खरी पाहिजे.

सतरा नंबरचं पान दिलं :
चार दिवसांत अळी तिप्पट.
एक्केचाळीसचं दिलं :
ती कडेकडेनं चालली,
तोंड लावलं, थांबली,
पुन्हा कडेकडेनं चालली.
तिसऱ्या दिवशी झाकणाला उलटी, उपाशी.
मी वहीत लिहिलं, "नाकारलं",
आणि इतका आनंद झाला की उठून दार लावून घेतलं.
मग तिला हळूच सतराचं पान दिलं.
ते वहीत नाही.

पण हे झाडाचं, की जागेचं?
खालच्या खडकाचं, की नुसत्या नशिबाचं?
आईची अर्धशिशी मला आली,
थोरलीला नाही. एकच घर, एकच ताट.
त्यामुळं हा प्रश्न मला पुस्तकातला वाटत नाही.
झाड स्वतःबद्दल बोलत नाही.
लेकरांना विचारावं लागतं.

सतरा सरळ आहे, सोटासारखा, आणि किडीचा लाडका.
श्रावणात त्याच्यावर परांची बांधतो.
फूल फुटाण्याहून लहान, एका दिवसाचं.
उजाडायच्या आत पुंकेसर चिमट्यानं खुडायचे,
एक्केचाळीसचा पराग ब्रशनं टेकवायचा,
वर पिशवी, दोरा, तारीख, सही.
परांची धरून बयाजी बोडके खालून ओरडतो,
"मॅडम, लागलं का लगीन?"
"अंतरपाट धर नीट," मी म्हणते,
कारण गगनबावड्याचा वारा
बांबूसकट मलाही हलवत असतो.

पिशव्या दोनशे.
वाऱ्यानं नेल्या, वानरांनी उघडून बघितल्या.
फळं हाती आली एकसष्ट.
भिजव, वाळव, भिजव, वाळव,
सागाचं बी पटकन कुणावर विश्वास टाकत नाही.
रुजली सव्वीस.
त्यांवर मी माझ्याच हातांनी
माझ्याच पाळलेल्या अळ्या सोडल्या.

चौदा चाळण झाली. नऊ अर्धीमुर्धी.
तीन हिरवी.

बयाजीनं त्यांतलं एक पान चुरगळलं,
बोटं लाल झाली, नाकाशी नेली :
"वास तर सागाचाच हाय."
मी मान हलवली. एवढंच आम्हाला त्या दिवशी सांगता आलं असतं.

ती सरळ वाढतील का?
हातभर रोपाला कण्याचं काय विचारणार.
लाकूड कळायला चाळीस वर्षं,
माझ्या निवृत्तीला सहा.
वहीत शेवटचा रकाना आहे :
"खोडाचा सरळपणा, वर्ष चाळिसावं."
रिकामा ठेवायला हात धजेना,
म्हणून पेन्सिलीनं लिहून ठेवलंय :
डब्या माळ्यावर आहेत.
पान सकाळीच द्यावं, कोवळं,
आणि पुसून.