सहाव्या जागेवर

अरबीत 'प' नाही.
म्हणून मुहर्रकच्या या कॉलेजात
पहिल्या वर्षाची मुलं मला बावरा सर म्हणतात.
पाच वर्षांत एकदाही दुरुस्त केलं नाही.
धडगावहून इतक्या लांब आलेला पावरा
थोडा बावरा असणारच.

आज हिमोग्लोबिन.
फळ्यावर बीटा साखळी: एकशे सेहेचाळीस मणी,
एका दोऱ्यात, ठरल्या क्रमाने.
मोत्यांच्या गावात हे समजावायला वेळ लागत नाही.
सहावा मणी ग्लुटामिक ॲसिड, पाण्यात रमणारा.
त्याच्या जागी कधीकधी व्हॅलीन येऊन बसतं,
पाण्यापासून अंग चोरणारं,
आणि ऑक्सिजन उतरला की
शेजारच्या रेणूला बिलगतं, तो त्याच्या शेजारच्याला,
आत काड्यांची मोळी बांधली जाते,
गोल पेशीचा विळा होतो.
जनुकात बदललं किती?
एक अक्षर. ए च्या जागी टी.

आमच्याकडे याला 'ध चा मा' म्हणतात, मी सुरू केलं,
पेशवे, चिठ्ठी, गारदी,
आणि मध्येच अडकलो,
कारण इंग्रजीत धरावे आणि मारावे
एकमेकांना ओळखतही नाहीत.
कोणी हसलं नाही.

तेव्हा शेवटच्या बाकावरची बतूल उठली.
मार्कर घेऊन उजवीकडून लिहिलं: रहमा.
म्हणजे दया.
मग पहिल्या अक्षरावर एक ठिपका दिला.
जहमा.
गर्दी, कोंडी, संध्याकाळी पुलावर होते ती.
"नसांतसुद्धा हीच होते, सर,"
आणि हात गुडघ्यावर नेला, मग कोपरावर,
"माझ्या भावाच्या."

मी डस्टर धरून उभा.
जमना, माझी बहीण, ज्या गुडघ्यांपायी रात्र रात्र ओरडायची
त्यांना आम्ही आधी वारं म्हटलं, मग नजर,
मग तालुक्याच्या कॅम्पात कार्ड मिळालं.
डॉक्टर म्हणाले, तुम्ही दोघंही वाहक.
वडील म्हणाले, ती नाही हो, ती शेतात जाते,
एस.टी.त फक्त मी.
डॉक्टरांनी कागदावर चार चौकोन काढले.
वडिलांनी ते तिकिटांच्या हिशोबासारखे दोनदा तपासले:
एक पूर्ण, दोन अर्धी, एक मोफत.
जमना पूर्ण.
मी अर्धं.

प्रयोग साधा आहे.
बोटाचा थेंब नळीत, त्यावर द्रावण, पाच मिनिटं थांबायचं.
नळीमागे काळ्या रेघांचं कार्ड.
रेघा दिसल्या तर काही नाही.
दरवर्षी रक्त माझंच असतं, खात्रीचा नमुना म्हणून.
आज बतूलनंही बोट पुढे केलं.
जानेवारीत लग्न. तपासणी सक्तीचीच,
कागद पर्समध्ये आहे,
पण तिला डोळ्यांनी पाहायचं होतं.

दोन नळ्या, शेजारी शेजारी,
डाळिंबाच्या रसात ताक सांडल्यासारख्या.
रेघा नाहीत. हिच्यात नाहीत, माझ्यातही नाहीत.

पुस्तकात एवढंच लिहिलंय की
या चुकीच्या एका प्रकाराला अरबी-भारतीय म्हणतात.
कधी, कोणत्या गलबतातून,
इकडून तिकडे की तिकडून इकडे, ते लिहिलेलं नाही.
हिवतापापासून वाचवणारी अर्धी चूक
कोणीतरी सामानात न दाखवता आणली,
खजुराच्या पोत्याला टेकून झोपलेल्या कोणीतरी.

"म्हणजे आपण नातेवाईक, बावरा सर?"
"सहाव्या जागेपुरते."
आता वर्ग हसला.

तिने नळी उचलून बाजूला ठेवली.
कार्डावरच्या रेघा होत्या तिथेच होत्या.
"त्याचा रिपोर्ट स्वच्छ आहे," ती म्हणाली, हळूच,
जणू मी विचारलं होतं.

मी वहीच्या कोपऱ्यात चार चौकोन काढले.
दोन अर्धी, दोन मोफत.
पूर्ण एकही नाही.
दोनदा तपासलं.