याची माणसं कुठं

देवळालीत, लॅम रोडच्या उतारावर
जरबाईंच्या काचघरात मी एकोणीस वर्षं
निवडुंगांना पाणी न देण्याची नोकरी केली.
हसू नका. अवघड काम असतं ते.
नाशिकच्या दमट ऑगस्टात
हातभर वाळवंट कोरडं राखायचं,
भिंतीतली ओल नुसत्या वासावरून ओळखायची,
आणि नळाकडे निघालेला आपलाच हात
आपणच धरायचा.

उंच, सहा धारांचे खांब होते पेरूहून आलेले.
द्वारका नाक्यावर कारकुनानं कागदावर ‘पेरू’ वाचून
फळांची जकात लावली होती म्हणे.
आणि कोपऱ्यात, चपट्या कुंडीत ते एक.
काटा नाही. निळसर, फुगीर,
फुगवट्यांवर कापसाचे पुंजके.
केकीशेटनी बी टाकलेलं.
सतरा वर्षांत जुन्या रुपयाएवढं झालं.
तेवढ्यात माझी सुमित्रा बारावी होऊन
सिन्नरला नांदायलाही गेली.

केकीशेट रसायनवाले.
काचेवर खडूनं लिहायचे :
अकरा कार्बन, सतरा हायड्रोजन,
एक नायट्रोजन, तीन ऑक्सिजन.
“बस, देवचंद. आटलुंज.”
मेस्कलिन म्हणायचे त्याला.
शेळीनं तोंड लावू नये म्हणून
झाडानं अंगात मुरवलेला कडूपणा असेल,
आणि माणूस तो गिळतो, ओकतो,
मग त्याला रंग ऐकू येतात.
“शेळी शहाणी,” मी म्हणालो.
ते हसले नाहीत.

ते गेल्यावर जरबाई त्यांना आलेली पत्रं वाचून दाखवायच्या.
मेक्सिकोच्या डोंगरातले लोक
शेकडो मैल चालत याच्या मुलखात जातात.
आधी प्रत्येकानं आपली लफडी सांगायची,
नावानिशी, नवराबायकोच्या देखत.
एका नावाला दोरीत एक गाठ.
मग दोरी विस्तवात.
कुणी रागवायचं नाही, कुणी नंतर काढायचं नाही.
पहिलं दिसलं की बाण मारायचा,
कारण त्यांच्या लेखी ते हरीण.
वरचं तेवढं कापायचं,
मूळ मातीतच ठेवायचं.

मला आमचा मार्गशीर्ष आठवला,
सुरगाण्याकडचा, डोंगऱ्या देवाचा.
रोवलेला थोंब, भोवती फिरणारे पाय,
आणि बापाचे गाल पावरीत फुगलेले.
“तुझ्या बापाच्या अंगात येतं
ते काय खाऊन?” जरबाईंनी विचारलं.
काही नाही, म्हणालो. उपास.
ती फुंकर. आणि अख्खं गाव जागं.
त्या बराच वेळ काच पुसत राहिल्या,
सकाळीच पुसलेली.

एकदा दिवस बुडताना दोन पोरं आली, मोठ्या गाडीतून.
“काका, ते बटणवालं आहे ना?
दहा देतो. हजार.”
मी विचारलं, दोरी आणलीय?
“कसली दोरी?”
मी फाटक लावून घेतलं.
दहा हजार, खरं सांगतो,
रात्रभर डोळ्यांपुढे नाचले.

जरबाई गेल्या. बंगला विकला.
खांब कुणी हॉटेलवाल्यानं नेले, आता त्यांच्यावर दिवे आहेत.
मी कुंडी मांडीवर घेऊन
जुन्या सीबीएसवरून सुरगाण्याच्या एसटीत बसलो.
कंडक्टर म्हणाला, सिताफळ का?

बापाला आता दिसत नाही.
त्यानं बोटांनी हळूहळू चाचपलं,
पुंजका अन् पुंजका,
जन्मलेल्या पोराची टाळू चाचपावी तसं.
“देव हाय हा,” म्हणाला.
“पण याची माणसं कुठं?”

मला सांगता येईना.
मेक्सिको म्हटलं, तर म्हणाला,
“पेठच्या पल्याड का?”
लई पल्याड, म्हणालो.
“मग याला कोण बोलत असंल?
कोण गाठी मारत असंल त्याच्यापुढं?”

शेळी आली, हुंगलं, मान फिरवली.
श्रावण होता.
मार्गशीर्षाला चार महिने,
पावरी आढ्याला टांगलेली,
ती त्यानं काढली नाही.
आभाळ भरून आलं तसा
खुंटीचं इरलं चाचपडत घेऊन
तोच बाहेर गेला
आणि कुंडीवर धरून उभा राहिला,
स्वतः भिजत.