खरं

आमच्या बेळगावात ‘पण’ कुणी म्हणत नाही,
‘खरं’ म्हणतात.
येतो म्हणाला होता, खरं आला नाही.
पुण्याच्या माणसाला वाटतं, आम्ही शपथ घेऊन बोलालाव.

ह्या गाडीबद्दल पहिल्यांदा ऐकलं ते असं :
गाडी चांगली हाय खरं...
आणि पुढं कुणी बोललंच नाही.
शोरूमवाला नाही, जो तीन वर्षांत शटर ओढून गेला,
गॅरेजवाला नाही, ज्यानं बॉनेट उघडून हळूच मिटलं,
दुसऱ्याचं पत्र चुकून उघडल्यागत.
सासरा तेवढा बोलला.
मागनं बघितलं तर मयताची गाडी वाटतंय म्हणाला.

सिएना वीकेंड.
छप्पर सरळ शेवटपर्यंत, मागं नुसता डबा.
नाकावर चार अक्षरं इटलीची,
जन्म कुर्ल्याचा, पासिंग बेळगावचं, टायर कोल्हापूरचे.
आम्हाला ह्यात नवल काय?
घरात रेशनकार्ड कन्नडमधे, आरती मराठीत,
शिव्या दोन्हीतल्या.

जिल्ह्यात चालत्या तीन उरल्या.
एक माझी.
एक निपाणीच्या दस्तगीर मुजावरची, तंबाखूच्या रंगाची,
मूळची पांढरी होती म्हणतो.
एक अंगोळकर बाईंची, गणिताच्या.
दुसरा गिअर अडला की त्या म्हणतात, हं, बाळा.
वर्गात असं कधी म्हणाल्या नाहीत.
मी त्यांच्याच पेपरात दोनदा बसलो.

चौथी गोकाकला, विटांवर.
तिचा आरसा आम्ही नेला, काचेचं मशीन नेलं,
डाव्या दाराचं कुलूप नेलं.
न्या की, म्हणतो मालक.
निघताना कोंबड्या हाकलून
तिघंही एकदा बॉनेटवरनं हात फिरवतो.
कशाला, ते विचारू नका.

दुसऱ्या रविवारी वंटमुरी घाटावर
गाड्या ओळीनं लावतो, गिरमिट खातो.
दुसरं काही करत नाही.
ट्रकवाला काच खाली करतो :
येन् री इदु, ॲम्ब्युलन्सा?
मुजावर म्हणतो, हौदु, नमगऽ.
होय, आमच्यासाठीच.

गेल्या मार्गशीर्षात बाईंच्या गाडीचं
थर्मोस्टॅटचं घर फुटलं.
पुण्यात नाही. दिल्लीत नाही.
भंगारातसुद्धा नाही म्हणाले,
भंगारात यायला आधी खपायला पाहिजे होती.

मी उद्यमबागचा पॅटर्नमेकर.
तीस वर्षं पंपाचे, ट्रॅक्टरचे, कुणाकुणाचे पॅटर्न.
फुटका तुकडा डब्याच्या पिशवीत घालून नेला.
शिवणीचा एक ठोकळा ठेवला होता, चांगल्या कामासाठी,
तोच काढला.
ॲल्युमिनियम निवताना आकसतं,
म्हणून लाकूड जरा जास्त ठेवावं लागतं, शंभराला सव्वा.
बाईंनी हिशेब तपासला.
चष्मा वर केला, खाली केला.
ह्या वेळी बरोबर होता.

मूस तापवून कल्लाप्पा म्हणाला, किती ओतू?
गाड्या तीन.
मी म्हटलं, आठ.
खुळा हायस काय?
असंल की रे कुठंतरी. अथणीत, जमखंडीत,
एखाद्या गोठ्यात ताडपत्रीखाली,
आणि दर रविवारी बॅटरीची वायर जोडून
एकदा सुरू करून बघणारा कोण तरी,
ज्याला वाटतंय, आपण एकटाच.

पाच अजून माझ्या फळीवर आहेत,
जुन्या पेपरात गुंडाळून.
बायको धूळ झाडताना एकेक उचलते,
पुन्हा तिथंच ठेवते.
काल म्हणाली,
तुमची गाडी तशी वाईट नाही खरं.

मी पुढचं ऐकायला थांबलो.
पुढं काही नव्हतं.