कोरा रकाना

चुंबकाच्या खोलीबाहेर
घड्याळ, किल्ल्या, केसांतले आकडे काढून ठेवते.
एप्रिल. सोलापूर बेचाळीसवर;
आत हेलियम, थंडीच्या शेवटच्या पायरीवर.

नळीत प्रथिन. त्याच्या एका टोकाला
छोटासा रेणू चिकटवलाय मी.
पडद्यावर एकशे बाराव्या ग्लायसिनचा ठिपका
केसभर सरकतो,
तिकडे, जिथं कुणी हातही लावला नाही.

मधलं सगळं जागच्या जागी.
मग निरोप गेला कुठून?

नायना अशोक चौकातल्या मागावर
कापडाच्या काठाला बोट टेकवून सांगायचे,
"पलीकडं धागा तुटणार बघ."
आणि तुटायचा.

कळतं कसं, विचारलं होतं एकदा.
"ताण," म्हणाले,
आणि तंबाखू मळत बसले.

वहीत लिहिते: ११२, सरकला.
कारणाच्या रकान्यात पेन्सिलीनं,
खोडता येईल इतकं फिकट:
ताण.