रिकाम्या खोक्याचं वजन

खोक्यात आम्ही साबणाच्या दोन वड्या घालतो.
फोनचं वजन साधारण तेवढंच भरतं.
विनू ते उडवून झेलतो तेव्हा
आधी हाताला पटायला हवं,
हाताला पटलं की चेहऱ्याला पटतं,
मग पोरांना.

मी दिसत नाही. मी कापतो.
अशोक चौकात, झेरॉक्सच्या दुकानावर, पत्र्याखाली,
पंखा कम्प्युटरकडे वळवून उघडा बसतो
आणि विनूचं अडखळणं कापतो,
जांभई कापतो, शिव्या कापतो.
'पण देणार कधी?' असं विचारणारं एक पोरगं
मागच्या सोमवारी कापलं.

कापणं आमच्या घरातलंच.
आई पत्र्याचा फर्मा ठेवून पान कापायची.
हजार विड्या टोपलीत घालून कारखान्यात गेली
की तपासनीस मूठभर उचलायचा,
ही सैल, ही बारकी, ही फुटकी,
आणि शंभराची छाट काढून
पैसे नऊशेचे.
मला वाटायचं, मोठा झालो की
असं काम धरीन जिथं कुणी तपासत नाही.

मिळालं.

'एवढंच करा, माझ्या वाघांनो,'
विनू म्हणतो, नजर थेट भिंगात,
'अकरा मित्रांना पाठवा, घंटी दाबा,
खाली शाळेचं नाव लिहा.'
शाळेचं कशाला, मी एकदा विचारलं.
जाहिरातवाल्याला लागतं, म्हणाला,
आणि शेंगाचटणीला कडक भाकरी लावून
कडाकडा मोडत राहिला.

खाली पोरं लिहितात.
रात्री दीडला लिहितात.
दादा मी सहावीत आहे.
दादा हा फोन आईचा आहे, ती झोपल्यावर मिळतो.
दादा मला नको, लागला तर ताईला देणार.
दादा मी सिद्धरामेश्वराला नारळ बोललोय.
मी सगळं वाचतो, कारण आकडा बघावा लागतो,
आकडा चढला की माझे तीन हजार.

सोडत?
विनूचा मावसभाऊ आहे, बार्शीचा.
दर वेळी वेगळा शर्ट घालून आनंदानं रडतो.
रडणं एका फटक्यात जमतं त्याला,
मला काही कापावं लागत नाही.

गुरुवारी दुपारी तिरुमलेश आला.
तिरुमलेश गज्जम, विडी घरकुलातून, सायकल मारत.
ऊन असं, की डांबराला चप्पल चिकटावी.
तरी खाली नळावर केस ओले करून
भांग पाडून वर आला,
जिंकणाऱ्याचा फोटो काढतात, त्याला माहीत होतं.
वहीचं पान उलगडून माझ्यासमोर धरलं:
ज्यांना ज्यांना पाठवलं त्यांची नावं,
पंचवीस झाली की आडवी रेघ,
पुन्हा पंचवीस, पुन्हा रेघ.
त्या रेघांकडे मी बघत राहिलो.
असे कट्टे बांधून मोजायची सवय
ज्याच्या घरात विड्या वळतात त्यालाच असते.

'ओ दादा, माझा नंबर कितवा होता?'

स्क्रीनवर मावसभाऊ थांबला होता,
तोंड उघडं, अर्धा रडलेला.
मी हात लांब करून स्क्रीन बंद केली.
'थोडक्यात हुकला रे,' म्हणालो.
'दुसरा होतास.'

दुसरा, तो म्हणाला.
मग तेलुगूत, स्वतःशीच: रेंडो.
असा फुलला, की वाटलं खरंच काहीतरी दिलं मी.
पान घडी करून खिशात ठेवलं.
'मग पुढच्या वेळी शंभर जणांना पाठवतो.'
जिना उतरताना पायऱ्या दोन-दोन.

रात्री विनूचा फोन.
पुढच्या वेळी सायकल ठेवू या का?
म्हणालो, सायकलचं खोकं नसतं.
'मग फोटो लाव की बे.'

मी फोटो शोधायला बसलो.
लाल, गियरवाली, चकचकीत.
तिरुमलेशच्या सायकलला
पुढचा ब्रेक नव्हता,
ते मला तेव्हा आठवलं.