निरंक

नागपूरहून फॉर्म आला, चौसष्ट पानांचा.
शहराला धोका किती, मोजा म्हणे.
आमचं शहर म्हणजे
एक बसस्टँड, दोन बँका, तेहतीस केव्हीचं सबस्टेशन
आणि कागदावर नगरपंचायत होऊन
चार वर्षं झालेलं मोठं खेडं.
जंगलाकडच्या तालुक्यांना वेगळा फॉर्म असतो, गुलाबी.
आमचा पांढरा.
मॅडम म्हणाल्या, तुम्ही कॉम्प्युटरवाले, तुम्हीच भरा.

सबस्टेशनवर गणवीर ऑपरेटर.
पासवर्ड कुठं ठेवता विचारलं
तर त्यानं भिंतीकडे बोट केलं :
कॅलेंडरवर, चतुर्थीच्या चौकटीत,
सिलिंडरच्या तारखेला खेटून.
"लपवून काय करू बाप्पा,
रातपाळीवाल्याले मंग कोन सांगन?"
फॉर्मात तीन चौकोन होते. कमी, मध्यम, तीव्र.
मी कॅलेंडरचं पान तेवढं उलटून आलो.

बाजारचौकातला कॅमेरा
गेल्या पोळ्यापासून वर पाहतो.
माकडानं मान पिरगाळली त्याची.
ठाण्यातल्या पडद्यावर दिवसभर घारी,
आणि रात्री, हवालदार सांगतो,
लय चांदण्या.

पाण्याच्या टाकीखाली सोमाजी नैताम.
कोणता व्हॉल्व्ह किती आटे,
कोणत्या गल्लीला किती वाजता,
नकाशा नाही कुठंच. त्याच्या डोक्यात आहे.
'सायबर हल्ल्याची शक्यता' यापुढे लिहिलं : नाही.
खाली प्रश्न होता,
एकच गोष्ट बंद पडून सगळं बंद पडेल, अशी गोष्ट?
मी लिहिलं : सोमाजी. वय एकोणसाठ. शुगर तीनशेवर.
वरून शेरा आला,
व्यक्ती नको, मालमत्ता लिहा.

पान एकेचाळीस. मागील तीन वर्षांतील हल्ले.
वच्छलाबाई रामटेकेला फोन आला होता एकदा,
बँकेतून बोलतो म्हणून.
आवाज इतका थकलेला
की तिनं आधी त्याला विचारलं, जेवला का रे बाबू,
आणि मग चष्मा लावून सहा आकडे सांगितले,
एकेक, सावकाश, त्याला लिहिता यावेत असे.
बचत गटाचे एकोणीस हजार. अकरा बायांचे.
तेव्हापासून ती बैठकीला दाराजवळ बसते.
कोणी बसवलं नाही तिला तिथं.
याला हल्ला म्हणायचं का, मी वर विचारलं.
रक्कम पन्नास हजारांच्या आत असल्यास
निरंक लिहावे.
लिहिलं.

पान बावन्न. बाहेरून येणाऱ्या व्यक्ती : नाव, वर्णन, वावर.
हेडक्लार्क म्हणाला, कोरं नोका ठेवू,
कोरं दिसलं का वापस येते.
तो चादरीवाला टाका ना,
दर हिवाळ्यात येते तो.
मी टाकला.
बशीर. उंच. दाढी. सायकल हिरवी, भाड्याची.
वावर : सगळीकडे.
गल्ल्या पाठ आहेत, हेही लिहिलं.
अक्षर चांगलं आलं त्या पानावर.

फॉर्म गेला. पोच आली.

आता थंडी पडलीय. तुरीला शेंगा धरल्या.
काल रात्री पांघरताना हाताला काठ लागला
आणि आठवलं, चादर त्याचीच.
साडेआठशेची. पाचशे दिले होते,
बाकीचे पुढच्या साली म्हणालो होतो.
आधार मागितला नव्हता त्यानं, ओटीपी नाही.
लाल वहीत लिहून घेतलं माझं नाव,
उजवीकडून डावीकडे,
आणि मला वाचता येत नाही म्हणून
स्वतःच वाचून दाखवलं :
ठीक है ना, साब?

दोन दिवस झाले, घंटीकडे कान आहे.
साडेतीनशे कोनाड्यात काढून ठेवलेत, डबीखाली.
परवा ठाण्यातून कोणी विचारायला गेलं होतं म्हणे
लॉजवर. काय विचारलं, कोणाला,
मी चौकशी केली नाही.
त्याच्या वहीत मी असेन अजून,
येणं बाकी, त्या बाजूला.